सावित्रीमाई आणि शाळेचा हजेरीपट

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे स्मरण आपण दरवर्षी ३ जानेवारीला करतो. भिडे वाडा, अंगावर फेकलेले शेण आणि मुलींची शाळा ही त्यांच्या जीवनातील चित्रे आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या चरित्रातील एका कमी चर्चिलेल्या सूत्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते सूत्र आहे हजेरीचे. लेकरू शाळेत रोज यावे म्हणून माईंनी काय केले आणि लेकरू आजारी पडले तेव्हा काय केले, हे निवासी शाळेने पुनःपुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे.

माईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला. अक्षरओळख सासरी झाली. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. १८४८ साली पुण्यातील बुधवार पेठेत, भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा माईंचे वय अवघे सतरा वर्षांचे होते.

शाळा उघडणे अवघड होते, पण भरलेली शाळा भरलेली ठेवणे त्याहून अवघड होते. मुलगी शाळेत गेली तर घरचे धाकटे भावंड कोणी सांभाळावे, पाणी कोणी भरावे, हा प्रश्न होता. महार-मांग वस्तीतील मुलाचा एक दिवस शाळेत गेला की घरातील एक काम अडत असे. शिक्षण घेऊन काय होणार, हे सांगायला त्या घरात शिकलेला पूर्वज नव्हता. म्हणून गैरहजर राहणाऱ्या मुलाला दंड करण्याचा मार्ग फुले दांपत्याने धरला नाही. लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांनी वस्तीत फिरून पालकांची समजूत घातली. मुलांची गळती थांबावी म्हणून विद्यावेतन देण्यात आले. गैरहजेरीचे कारण घरात असेल तर शाळेने घरापर्यंत जायचे, ही त्यांची रीत होती.

या रीतीला फळ आले. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतील चिपळूणकर वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्या दिवशी ८ मुली होत्या. ही संख्या वाढत ४८ वर गेली. त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि पुढच्या वर्षी वेताळ पेठेत शाळा निघाल्या. फेब्रुवारी १८५३ मध्ये या शाळांची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा मुलींची संख्या २३७ होती. याच शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. रोजच्या हजेरीतून घडलेली ती लेखणी होती.

माईंची स्वतःची हजेरी तर विरोधकांनाही हरवता आली नाही. शाळेच्या वाटेवर शेण-माती अंगावर येणार हे ठाऊक असल्याने त्या एक जादा लुगडे जवळ बाळगत आणि शाळेत गेल्यावर ते बदलून शिकवायला उभ्या राहत, असे सांगितले जाते. घरी परतून पुन्हा यावे तर मुलींचा वेळ बुडाला असता. वक्तशीरपणाचा असा धडा दुसऱ्या कोणत्या शिक्षकाने दिला असेल, असे आम्हांला वाटत नाही.

पण याच माई १८५६ साली आजारी पडल्या, तेव्हा नायगावी माहेरी राहून बऱ्या झाल्या. भावाने त्यांची शुश्रूषा केली. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या पश्चात फातिमा शेख यांना त्रास पडत असेल, ही काळजी व्यक्त झाली आहे. शेणाचा मारा झेलून शाळेत जाणारी शिक्षिका आजारपणात मात्र विश्रांती घेते आणि तिचा भार सहकारी उचलते. या दोन गोष्टींत विसंगती नाही. अडथळा आला तरी शाळा सोडायची नाही आणि शरीर आजारी असता त्याला बरे होऊ द्यायचे, हा विवेक आहे.

या विवेकाची कठोर परीक्षा १८९७ साली झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत दिसलेली प्लेगची साथ पुण्यात पोहोचली. अनेक कुटुंबे शहर सोडून गेली. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे तेव्हा अजून सिद्ध व्हायचे होते. जोतीरावांच्या निधनाला सहा वर्षे उलटली होती आणि माई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर, वस्तीपासून दूर, दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे माईंना समजले. त्यांनी त्याला पाठीवर घेऊन त्या माळावरच्या दवाखान्यात पोहोचवले. मुलगा वाचल्याचे चरित्रकार सांगतात. माईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे १९०५ साली डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.

येथे एका गोष्टीचा विचार आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले जाणे सोसले आहे. त्यामुळे आजारी मुलाला वेगळे ठेवा म्हटले की आपल्या पालकांच्या मनात जुनी जखम दुखते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु जातीने दूर ठेवणे जन्मभराचे होते आणि त्यात माणसाला टाकून दिले जाई. माळावरच्या दवाखान्यातले दूर ठेवणे रोग बरा होईपर्यंतचे होते आणि तेथे नेणारी व्यक्ती रुग्णाला आपल्या पाठीवर घेत होती. माईंच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत पुण्यात लष्कराच्या मदतीने घरोघर झडत्या सुरू झाल्या, तेव्हा लोकांनी भीतीपोटी रुग्ण लपवले. सन्मानाविना वेगळे काढले की माणूस आजार लपवतो, आणि लपवलेला आजार अधिक पसरतो.

आपल्या वसतिगृहातही हेच घडू शकते. एकही दिवस न चुकणाऱ्या विद्यार्थ्याला पारितोषिक देण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. ते पारितोषिक हुकेल म्हणून एखादे लेकरू अंगात ताप असताना प्रार्थनेच्या रांगेत उभे राहते, आणि चार दिवसांत खोलीतील सगळी मुले अंथरूण धरतात. गोवर, कांजिण्या, गालगुंड, डोळे येणे हे आजार एका छताखाली झोपणाऱ्या मुलांत फार वेगाने फिरतात. म्हणून आजारपणाचे दिवस हजेरीच्या हिशेबातून वगळावेत, अशी सूचना आम्ही येथे नम्रपणे मांडतो. सुट्टीवर गेलेले मूल आजारी असेल तर पालकांनी ते बरे होईपर्यंत घरीच ठेवावे आणि शाळेला त्याच दिवशी कळवावे. ज्याचे आई-वडील ऊसतोडीला गेले आहेत, त्याचे घर म्हणजे वसतिगृहच. त्याच्या उशाशी शाळेतील माणूस बसला पाहिजे आणि बुडालेला अभ्यास वर्गमित्रांनी त्याच्यापर्यंत पोहोचवला पाहिजे. त्याचबरोबर दिवाळीनंतर आठ-आठ दिवस उशिरा येणे, लग्नसराईसाठी शाळा बुडवणे, याला मात्र आजारपणाची सवलत नाही. त्या आठ दिवसांची किंमत मुक्ता साळवेंच्या पिढीने जाणली होती.

तथागत बुद्धांनी अतिसाराने लोळत पडलेल्या, सोबत्यांनी दुर्लक्षिलेल्या भिक्खूला आनंदांच्या मदतीने स्वतः स्नान घातले आणि संघाला एकमेकांच्या शुश्रूषेचे कर्तव्य घालून दिले. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव यांना गुरू मानले. त्या गुरूंच्या घरातील माउलीने शिक्षण आणि शुश्रूषा ही एकाच करुणेची दोन कामे मानली. आपल्या हजेरीपटावर नावापुढे गैरहजेरीची खूण पडेल, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते लेकरू कोठे आहे आणि कसे आहे, हे शाळेला ठाऊक असावे. माईंना अभिवादन करण्याचा हा मार्ग आपल्या शाळेला रोज उपलब्ध आहे.

सावित्रीमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम!