मार्टिन ल्यूथरचा नवस

इ. स. १५०५ च्या जुलै महिन्याच्या २ तारखेस मार्टिन ल्यूथर हा कायद्याचा तरुण विद्यार्थी जर्मनींतील एर्फुर्ट शहराकडे परतत असतां वादळांत सांपडला. जवळच वीज पडली. मरणभयानें त्यानें संत अ‍ॅनेचा धांवा करून मठवासी होण्याचा नवस केला. संकटांतला नवस संकटाबरोबरच विसरणारे आपल्यांत थोडे नाहींत; हा विसरला नाहीं. वडिलांचा संताप सोसून १७ जुलैस तो मठांत शिरला.

उपास, जागरणें करूनही मनास शांति लाभेना. पुढें शास्त्राभ्यासानें त्याची खात्री पटली कीं, बाप्तिस्म्याच्या वचनाहून थोर नवस नाहीं, व पुण्य जोडण्यासाठीं केलेला नवस बंधनकारक नव्हे. १५२१ सालीं याच विषयावर ग्रंथ लिहून तो त्यानें वडिलांसच अर्पण केला. १५२५ सालीं पूर्वीची मठवासिनी कॅथरिना फॉन बोरा हिच्याशीं त्यानें विवाह केला. तें वचन १५४६ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें पाळलें.