दोन किल्ल्यांचे कुलूप : निकोला टेस्ला

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात, एका सर्ब धर्मगुरूंच्या घरी झाला. १८८४ मध्ये ते अमेरिकेत गेले. १८९१ मध्ये त्यांनी सिद्ध केलेल्या ‘टेस्ला कॉइल’मध्ये दोन वेटोळी एकाच वारंवारतेला जुळवलेली असतात. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्यांनी झोका वाढावा, तसा तेथे विजेचा दाब लाखो व्होल्टपर्यंत चढतो.

परंतु एकाच वारंवारतेच्या बिनतारी संदेशात कोणालाही व्यत्यय आणता येतो. म्हणून दोन भिन्न वारंवारता एकत्र योजण्याच्या पद्धतीसाठी टेस्ला यांनी १९०० मध्ये एकस्वाचा अर्ज केला. दोन्ही लहरी पोहोचल्या तरच संदेश घेणारे यंत्र प्रतिसाद देणार. जणू दोन किल्ल्यांचे कुलूपच. १९०३ मध्ये एकस्व मिळाले. मात्र लाँग आयलंडवर जगभर संदेश धाडण्यासाठी उभारलेला त्यांचा मनोरा निधीअभावी अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला.

७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत त्यांचे एकाकी निधन झाले. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या एककाला ‘टेस्ला’ हे नाव देण्यात आले. मनोरा उरला नाही. विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकात ते नाव मात्र चिरंतन झाले.