टिमथीचे कवच आणि गिल्बर्ट व्हाइट

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात एका जमिनीवरच्या कासवाचे कवच जपून ठेवले आहे. आकाराने ते फार मोठे नाही, रंगानेही साधेच आहे. तरीही जगातल्या फार थोड्या पाळीव प्राण्यांचे चरित्र या कवचाच्या मालकाइतके बारकाईने लिहिले गेले असेल. त्या कासवाचे नाव टिमथी. ते लिहून ठेवणारे गृहस्थ म्हणजे इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचे धर्मोपदेशक आणि निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट. कासव पाळणाऱ्याने नेमके काय पाहावे, हे कोणत्याही पशुवैद्यकीय पुस्तकाशिवाय ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी शोधून काढले, असा हा माणूस होता. त्यांच्या नजरेला शेवटपर्यंत चकवणारी एक गोष्टही त्याच कवचाखाली दडलेली होती.

गावातच रमलेला विद्वान

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी हॅम्पशर परगण्यातल्या सेलबोर्न येथे झाला. त्यांचे आजोबा, त्यांचेही नाव गिल्बर्टच, हे त्या गावच्या चर्चचे मुख्य धर्मोपदेशक होते. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजातून व्हाइट १७४३ मध्ये पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी त्या कॉलेजचे फेलो म्हणून निवडले गेले. धर्मदीक्षा घेतल्यानंतर त्यांनी आसपासच्या अनेक चर्चमध्ये सहायक धर्मोपदेशकाचे काम केले. सेलबोर्नच्या मुख्य पदावर मात्र त्यांची नेमणूक कधीच होऊ शकली नाही. त्या पदावरील नेमणुकीचा अधिकार ऑक्सफर्डच्याच मॉडलिन कॉलेजकडे होता आणि व्हाइट पडले ओरिएलचे. आपल्या गावच्या चर्चमध्ये ते आयुष्यभर सहायकच राहिले. मोठे पद हवे असते तर गाव सोडावे लागले असते, आणि गाव सोडण्याची त्यांची तयारी नव्हती.

ते अविवाहित होते. 'द वेक्स' या नावाने ओळखले जाणारे घर आणि त्यामागची विस्तीर्ण बाग हाच त्यांचा संसार. १७५१ पासून ते बागेची टिपणवही ठेवू लागले. कोणते बी कधी पेरले, काकड्या-टरबुजांच्या वाफ्यात किती खत घातले, याच्या नोंदी त्यात असत. १७६८ पासून या वहीची जागा निसर्गाच्या रोजनिशीने घेतली. तापमान, वारा, पाऊस, पक्ष्यांचे आगमन, फुलांचा बहर हे सारे त्यात दिवसाच्या दिवशी टिपले जाई. ही रोजनिशी त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे चालवली.

अशा रोजच्या पाहण्यातून काय हाती लागते, हे त्यांच्या कामावरून दिसते. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन छोटे पानगळी पक्षी तीन वेगळ्या जातींचे आहेत, हे त्यांनी प्रामुख्याने त्यांच्या आवाजावरून ओळखले. पिकांत राहणाऱ्या इवल्याशा उंदराकडे अभ्यासकांचे लक्ष त्यांनीच वेधले. गांडुळे जमीन भुसभुशीत करतात, म्हणून ती शेतीला मोलाची आहेत, हे त्यांनी १७७७ मध्येच एका पत्रात मांडले होते. चार्ल्स डार्विन यांचे गांडुळांवरचे पुस्तक आले ते १८८१ मध्ये.

रिंगमरचे कासव

व्हाइट यांची एक आत्या, रेबेका स्नूक, ससेक्स परगण्यातल्या रिंगमर गावी राहत असे. तिच्या अंगणात एक कासव होते. भूमध्य समुद्राच्या काठच्या उष्ण प्रदेशातले हे कासव जहाजातून इंग्लंडला आले होते. व्हाइट आत्याकडे जात तेव्हा त्यांचा बराच वेळ या कासवाजवळ जाई. १७७० च्या सुमारास त्यांनी त्याच्याविषयी पत्रांतून लिहायला सुरुवात केली, तेव्हा ते आत्याकडे येऊन तीस वर्षे उलटली होती.

नोव्हेंबर लागला की हे कासव जमीन उकरू लागे. पुढच्या पायांनी माती खरवडायची आणि मागच्या पायांनी मागे लोटायची, अशी त्याची रीत होती. हे काम इतके संथ चाले की पायांची हालचाल डोळ्यांना जेमतेम जाणवे. व्हाइट यांना विशेष वाटले ते हे की, थंडी वाढू लागताच, जमिनीत जाण्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे खाणे कमी होत जाई. आज या निरीक्षणाचे कारण आपल्याला ठाऊक आहे. कासवाचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते. थंडीत पचनक्रिया थांबते आणि पोटात उरलेले अन्न आतच कुजू लागते. म्हणून शीतनिद्रा घेणारी कासवे पाळणारे आज त्या झोपेपूर्वी काही आठवडे खाणे बंद ठेवतात. रिंगमरच्या कासवाला हे कुणी शिकवले नव्हते आणि आत्याबाईंनीही त्याला बळेबळे खाऊ घातले नाही, हे त्याचे भाग्यच.

आणखी एक नोंद व्हाइट यांनी कौतुकाने केली आहे. सुस्त, मंद समजला जाणारा हा प्राणी त्याला रोज खाऊ घालणाऱ्या वृद्ध आत्याला ओळखत असे. ती दिसली की तो अवघडल्या चालीने तिच्याकडे निघे. अनोळखी माणसांची त्याला पर्वा नसे.

ऐंशी मैलांचा प्रवास

मार्च १७८० मध्ये आत्याचे निधन झाले आणि कासव व्हाइट यांच्या वाट्याला आले. ते अजून जमिनीतच होते. व्हाइट यांनी ते उकरून काढले, तेव्हा त्याने फूत्कार टाकून आपला निषेध नोंदवला. मातीने भरलेल्या खोक्यात त्याला ठेवून घोडागाडीने सुमारे ऐंशी मैलांचा, म्हणजे जवळजवळ १३० किलोमीटरचा प्रवास झाला. गाडीच्या खडखडाटाने ते पुरते जागे झाले आणि सेलबोर्नच्या बागेत सोडताच टोकापर्यंत दोनदा फिरून आले. संध्याकाळी गारठा पडताच मात्र ते पुन्हा मातीत शिरले. व्हाइट यांनी त्याला मध्ये छेडले नाही. वसंतातली ऊब येऊन ते आपणहून वर येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

पुढची तेरा वर्षे टिमथी आणि व्हाइट एकाच आवारात राहिले. व्हाइट यांनी त्याच्यावर काही प्रयोगही केले. ध्वनिवर्धक कर्ण्यातून त्याच्याशी मोठ्याने बोलून पाहिले, तेव्हा टिमथीने लक्षही दिले नाही. पाण्याने भरलेल्या टबात ठेवून पाहिले, तर ते तळाशी गेले आणि घाबरून तिथेच चालू लागले. हे पाणकासव नव्हे, अशी नोंद झाली. कासव म्हटले की पाणी, हा समज आपल्याकडेही आहे, आणि जमिनीवरचे कासव टबात बुडवून ठेवण्याची चूक आजही होते. त्याला उथळ पाणी प्यायला आणि अंग भिजवायला लागते, पोहायला नाही.

ऊन, पाला आणि वजन

टिमथीच्या दिनक्रमात कवचाच्या आरोग्याचे सारे मर्म सापडते. शरद ऋतूतल्या फिक्या उन्हात ते भिंतीपाशी जाई आणि कवच भिंतीला टेकवून तिरपे धरी. तिरप्या पृष्ठभागावर ऊन अधिक पडते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. कडक उन्हात मात्र तेच कासव कोबीच्या मोठ्या पानाखाली किंवा शतावरीच्या वाफ्यातल्या दाट सावलीत तासन् तास बसून राही. पावसाचा थेंब पडताच त्याची आसऱ्यासाठी धावपळ होई. ज्याच्या पाठीवरून भरली गाडी गेली तरी बिघडू नये, त्याने सरींना इतके भ्यावे, याचे व्हाइट यांना हसू येई.

उन्हाची ही ओढ केवळ उबेसाठी नव्हती, हे विज्ञानाला फार पुढे कळले. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. त्यावाचून खाण्यातले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग कवच मऊ पडते, वाकडे होते, पाय दुबळे होतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यासाठी निरुपयोगी असते, कारण काच हे किरण अडवते. फ्लॅटमधल्या काचपेटीत वाढणाऱ्या कासवाचे कवच बोटाने दाबल्यावर दबते, ते बहुधा याच कारणाने.

टिमथीचा आहारही त्याने स्वतः निवडलेला होता. लेट्यूस, डँडेलियन यांसारख्या दुधी चीक असलेल्या वनस्पती त्याच्या विशेष आवडीच्या. तंतुमय पाला हेच जमिनीवरच्या कासवाचे खरे अन्न आहे. पोळी, भात, बिस्किटे किंवा मांस घातले, त्यात भर म्हणून कोरड्या जागी ठेवले, की कवचावरची एकेक ढाल टेकडीसारखी वर येऊ लागते. एकदा आलेला हा उंचवटा मागे जात नाही.

व्हाइट यांनी टिमथीला तराजूतही घातले. त्याचे वजन तीन किलोच्या आसपास भरे. त्यांनी ते पुन्हापुन्हा करून रोजनिशीत मांडले. कासव आजारी असल्याचे तोंडाने सांगत नाही आणि कवचामुळे त्याचे कृश होणे दिसतही नाही, म्हणून आजचे पशुवैद्यही वजनाची वही ठेवायला सांगतात. वजनाइतकेच नजरेनेही तपासावे. निरोगी कवच कठीण आणि कोरडे असते. त्यावर मऊ, खोलगट किंवा पांढुरके डाग दिसले, दुर्गंधी आली, द्राव पाझरू लागला, तर तो कवच कुजण्याचा संसर्ग असतो. पोटाकडच्या कवचावर लालसर छटा पसरली, तर संसर्ग रक्तात गेल्याची शंका घ्यावी. पाण्यातल्या कासवाच्या त्वचेचे पातळ पापुद्रे सुटणे स्वाभाविक आहे. कापसासारखे पुंजके, चिघळलेली जागा किंवा सुजलेले डोळे मात्र स्वाभाविक नाहीत. अशा वेळी कवचाला तेल चोळणे, रंग लावणे किंवा सुटलेली ढाल ओढून काढणे हे अपायच करते. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठणे हाच मार्ग.

जे दिसले नाही

व्हाइट यांची पेनंट आणि बॅरिंग्टन या अभ्यासकांना लिहिलेली पत्रे १७८९ मध्ये सेलबोर्नच्या निसर्गेतिहासाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचा प्रकाशक भाऊ बेंजामिन यानेच ते पुस्तक काढले. तेव्हापासून ते सतत छापले जात आहे. २६ जून १७९३ रोजी व्हाइट यांचे 'द वेक्स'मध्येच निधन झाले. सेलबोर्नच्या चर्चच्या आवारात त्यांच्या साध्या दगडावर नावाची फक्त आद्याक्षरे आणि तारीख आहे. वर्षभरातच, १७९४ च्या वसंतात, टिमथीही गेला. गेला असे म्हणायचे ते सवयीने. कवचाची तपासणी झाली तेव्हा टिमथी मादी असल्याचे उघड झाले.

पन्नासहून अधिक वर्षे एका मादीला पुरुषी नावाने हाक मारली गेली होती. आज नरमादी ओळखण्याच्या खुणा सामान्य वाचकालाही सांगता येतात. नराची शेपटी लांब आणि पोटाकडचे कवच किंचित आत गेलेले असते, मादीची शेपटी आखूड आणि पोट सपाट. व्हाइट यांच्यासारख्या माणसाला ते उमगले नाही, कारण तुलनेसाठी दुसरे कासवच बागेत नव्हते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला टिमथी पहाटेपासून अस्वस्थ होऊन बागभर भटकत असे, फाटकातून निसटूनही जाई. यामागे जोडीदाराची ओढ असावी, हे व्हाइट यांनी बरोबर ताडले होते. फक्त ती ओढ एका मादीची होती आणि तिच्या जातीचे दुसरे कोणीही त्या बागेत नव्हते. वर्षाचा मोठा भाग झोपेत घालवणाऱ्या या प्राण्याला इतके दीर्घ आयुष्य कशाला, असा प्रश्न व्हाइट यांना पडे. ती झोप त्याच्यावर परक्या देशाच्या थंडीने किती लादली होती, हा प्रश्न आपण विचारायचा आहे.

तो विचारायला कारण आहे. देवळाच्या सभामंडपातले दगडी कासव मराठी माणसाच्या परिचयाचे. घरात जिवंत कासव ठेवल्याने लक्ष्मी येते, या समजुतीपायी मात्र स्टार कासवांची चोरटी विक्री होत आली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ही कासवे बाळगणे गुन्हा आहे. दुकानात मिळणारे लाल कानाचे अमेरिकी पाणकासव नाण्याएवढे असताना घरी येते, ताटलीएवढे झाले की तलावात सोडले जाते आणि तिथल्या देशी कासवांच्या मुळावर उठते. विकत घेण्याचा मोह टाळणे, आणि आधीच घरात असलेल्याला तलावात न सोडता ऊन, पाला, स्वच्छ पाणी व रोजची नजर देणे, एवढेच आपल्या हाती उरते.

व्हाइट यांनी टिमथीला विकत घेतले नव्हते, ते वारशाने आले होते. आलेल्या जिवाकडे त्यांनी तेरा वर्षे लक्ष दिले आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. म्हणूनच त्यांना जे दिसले नाही, तेही आज आपल्याला त्यांच्याच नोंदींतून वाचता येते.