रघुजींची फिरंग

भांडुपच्या स्टेशन रोडवरून शिवजयंतीची मिरवणूक निघाली की बॅनरवर, फेट्याच्या ब्रोचवर, पोरांच्या टी-शर्टवर तलवार हमखास दिसते. ती बहुतेक वेळा बाकदार असते. मराठा तलवार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तोच बाक येतो. त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये लंडनहून मुंबईत आलेल्या तलवारीचे फोटो बघून कॉलेजच्या ग्रुपवर बरेच जण गोंधळले. पातं सरळ, एका बाजूला धार आणि तेही चक्क युरोपात घडवलेलं! मग ही मराठ्यांची कशी?

तर हिला म्हणतात फिरंग. पोर्तुगीज आणि नंतरचे इतर फिरंगी व्यापारी आपल्या किनाऱ्यावर लांब, सरळ, लवचीक पाती आणायचे. जर्मनीतलं झोलिंगन हे गाव त्यासाठी फार प्रसिद्ध. तिथली पाती युरोपातल्या घोडदळाच्या कमरेला असायची, तशीच ती जहाजात बसून इकडेही यायची. इकडचे कारागीर युरोपियन मूठ काढून टाकत आणि आपली बसवत. घोड्यावरून वार करायचा तर पातं जितकं लांब तितकं बरं, त्यामुळे मराठा स्वारांना ही पाती आवडायची. त्यांना इतका भाव होता की युरोपियन शिक्के मारलेली नकली पातीही निघायची. ब्रँडेड मालाची कॉपी काढायची कला आपल्याकडे आजची नाही!

लंडनच्या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची आहे. मुल्हेर म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातलं. मुठीवर सोन्याची नक्षी, पकडीला हिरवं कापड. आणि पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या देवनागरी अक्षरात मालकाचं नाव आणि त्यांचा किताब. श्रीमंत रघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. नागपूरचे पहिले रघुजीराजे ते हेच. संग्राहक अशा तलवारीत आधी काय बघतात, तर पात्यावरचा शिक्का आणि असा लेख. सरळ फिरंगी जगातल्या बऱ्याच संग्रहालयांत आहेत. पण वापरणाऱ्याचं नाव कोरलेली क्वचितच हाती लागते.

या नावामागचा माणूस मात्र आपल्याला पाठ्यपुस्तकात जेमतेम दोन ओळी भेटतो. मुंबईत तर त्याहून कमी. रघुजी म्हटल्यावर नागपूरकर ज्या आपुलकीने बोलतात, त्यातली फारशी इकडे पोचलेली नाही.

रघुजींना काही आयतं मिळालं नव्हतं. घराणं साताऱ्याकडचं. सेनासाहेब सुभा हा किताब छत्रपती शाहू महाराजांनी घराण्यातल्या परसोजींना दिला होता आणि त्यांच्यानंतर तो त्यांचे चिरंजीव कान्होजी यांच्याकडे आला. कान्होजी रघुजींचे चुलते. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी रघुजींना मुलासारखं जवळ ठेवलं. पुढे कान्होजींना मुलगा झाला आणि घरातली हवा बदलली. रघुजींनी थोडे स्वार घेतले आणि बाहेरची वाट धरली. देवगडच्या गोंड राजाकडे काही काळ, एलिचपूरच्या नवाबाकडे काही काळ, असं करत ते साताऱ्याला शाहू महाराजांकडे पोचले. शिकारीत त्यांनी महाराजांना वाघापासून वाचवलं अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, महाराजांची मर्जी बसली एवढं नक्की. राणीच्या नात्यातल्या शिर्क्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न लावलं गेलं. आणि मग कान्होजींचं महाराजांशी बिनसलं तेव्हा त्यांना पकडायला कोणाला पाठवलं? रघुजींनाच. ज्यांनी मुलासारखं वाढवलं त्यांना त्यांनी कैद करून साताऱ्याला आणलं आणि किताब स्वतःकडे घेतला. पात्यावर सोन्यात लिहिलेल्या त्या किताबाची ही किंमत आहे. मला तरी हा प्रसंग वाघाच्या गोष्टीपेक्षा जास्त खरा रघुजी दाखवतो.

१७४० मध्ये ते थेट दक्षिणेत उतरले. मे महिन्यात दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि नवाबाचा जावई चंदासाहेब कैद झाला. पुढची सुमारे सात वर्षं तो मराठ्यांच्या कैदेत होता. चंदासाहेबाच्या घरच्या मंडळींनी फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आसरा घेतला होता. रघुजींनी त्यांना ताब्यात द्या म्हणून निरोप धाडला, पण गव्हर्नर द्युमा बधला नाही. द्युमाने पाठवलेलं फ्रेंच मद्य रघुजींच्या घरच्यांना इतकं आवडलं की धमक्यांची भाषा मवाळ झाली, असा किस्सा जुन्या इंग्रजी इतिहासांत आहे. पराक्रम सांगायला बसलेले लोक हा किस्सा हळूच गाळतात.

घरचं राजकारण तर वेगळंच. पेशव्यांशी रघुजींचं कधीच धड जमलं नाही. बाजीराव गेल्यावर नानासाहेबांना पेशवेपद मिळू नये म्हणून त्यांनी बाबूजी नाईकांची बाजू घेतली, पण महाराजांनी नानासाहेबांनाच निवडलं.

त्याच सुमारास नागपूर त्यांचं झालं. देवगडचा चांद सुलतान वारल्यावर वारसांत भांडण लागलं. राणीने रघुजींना मदतीला बोलावलं आणि मदतीला आलेला पाहुणा घरमालक झाला. पण गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही. बुऱ्हाणशाहाला नागपुरात मानाने ठेवलं, नावाला राजा तोच, कारभार मात्र भोसल्यांचा. आज आपण ज्याला विदर्भाची राजधानी म्हणतो त्या शहराचं मराठी वळण इथून सुरू होतं.

आणि मग बंगाल. इथे थांबायला हवं.

१७४२ मध्ये रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. चौथाईची मागणी होती. काटव्याला त्यांनी तळ ठोकला, तिथे जवळच दुर्गापूजा मांडली आणि पूजा चालू असतानाच नवाब अलिवर्दीखानाने छापा घातला. कलकत्त्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, पुढे बुजवला आणि त्याच्यावरून रस्ता गेला. १७४३ मध्ये तर पेशवे अलिवर्दीच्या बाजूने रघुजींवर चाल करून आले, तेव्हा शाहू महाराजांना दोघांना मुलूख वाटून द्यावा लागला. १७४४ मध्ये अलिवर्दीने भास्कररामांना बोलणीसाठी तंबूत बोलावलं आणि बरोबरच्या सरदारांसकट मारलं. मग रघुजी स्वतः उतरले. वर्षानुवर्षं घोडदळ येत राहिलं. १७५१ मध्ये तह झाला: वर्षाला बारा लाखांची चौथाई, आणि ओडिशा भोसल्यांच्या हातात. कटकवरचा हा ताबा थेट १८०३ पर्यंत टिकला.

नकाशावर हे भारी दिसतं. नागपूर ते बंगालचा उपसागर! पण आमच्या वर्गात बंगालमधून आलेली एक मुलगी आहे. तलवारीचे रील्स ग्रुपवर फिरत होते तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं की बर्गी म्हणजे तुमचेच ना? तिच्या आजीच्या अंगाईत बर्गी येतात आणि सारा कशातून भरायचा ही चिंताही येते. बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. आपल्याकडे हा पगाराच्या हिशेबातला शब्द, तिकडे तो मुलांना झोपवायचा धाक झाला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात या स्वाऱ्यांवर काव्य लिहिलं, त्याचं नावच महाराष्ट्र पुराण. त्यात जळालेली गावं आहेत, पळणारे विणकर आणि शेतकरी आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. हे शत्रूचं लिखाण आहे म्हणून बाजूला सारता येईल. पण अंगाईला कुठल्या दरबाराकडून पगार मिळतो?

मला वाटतं रघुजींचं मोठेपण आणि हे, दोन्ही एकाच आयुष्यात घडलंय. एकासाठी दुसरं लपवायची गरज नाही. थोडे स्वार घेऊन निघालेल्या माणसाने चाळीसएक वर्षांच्या आत गोंडवनापासून समुद्रापर्यंतचा मुलूख बांधला. आणि त्यातल्या एका टोकाला त्याच्या स्वारांच्या नावाने मुलं डोळे मिटायची.

फेब्रुवारी १७५५ मध्ये रघुजी नागपुरात वारले. जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी हे चार मुलगे मागे होते. वारसा कोणाचा यावरून जानोजी आणि मुधोजी भांडले. म्हणजे काका-पुतण्यांच्या गोष्टीने सुरू झालेलं भावाभावांच्या गोष्टीवर आलं. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत इंग्रज जिंकले आणि नागपूरच्या खजिन्यावर त्यांचा हात पडला. तलवार त्याच वेळी बाहेर गेली असावी असा सरकारचा अंदाज आहे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर तर राज्यच खालसा झालं.

२९ एप्रिल २०२५ ला सदबीजच्या लंडनमधल्या लिलावात ही तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली, खर्च सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. (भांडुपमध्ये तेवढ्यात वन बीएचके शोधून दाखवा.) १८ ऑगस्टला धो धो पावसात ती मुंबईत उतरली आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीत नेली गेली. आपल्यासाठी स्लो लोकलने दादर आणि पुढे चालत. तलवारीसमोर उभं राहायचा योग आला तर नक्षीदार मूठ लगेच दिसेल. नाव मात्र पात्याच्या पाठीवर आहे, त्यासाठी थोडं वाकावं लागेल.