नेव्हिल व्हिन्सेंट : हवाई टपालाचे एक जनक

हिंदुस्थानातील विमानवाहतुकीचा विषय निघाला की जे. आर. डी. टाटा यांचे नाव सर्वांच्या ओठी येते, आणि ते योग्यच आहे. परंतु १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. यांनी कराचीहून मुंबईस आणलेले टपाल तेथून पुढे मद्रासपर्यंत कोणी नेले, हे आमच्या शाळेतील मुलांना विचारले असता वर्गात शांतता पसरते. ते वैमानिक म्हणजे नेव्हिल व्हिन्सेंट. विमानवाहतुकीच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. शालेय पुस्तकांत मात्र ते क्वचितच भेटतात.

व्हिन्सेंट यांचा जन्म १९०२ साली दक्षिण आफ्रिकेत झाला. तरुणपणी ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि तेथील पराक्रमाबद्दल त्यांना डी. एफ. सी. हे पदक मिळाले. परंतु पदकाने पोट भरत नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर जगात वैमानिक पुष्कळ आणि विमानकंपन्या थोड्या, अशी स्थिती होती. सैन्यातून बाहेर पडलेले कित्येक वैमानिक जुनी विमाने घेऊन गावोगाव हिंडत आणि पैसे घेऊन हौशी लोकांना आकाशाची सैर घडवीत. आपल्या जत्रेत पाळणेवाला येतो, चार दिवस राहतो आणि पुढच्या गावी जातो, तसाच हा प्रकार. व्हिन्सेंटही १९२९ साली न्यूऑल नावाच्या सहकाऱ्यासह याच उद्योगासाठी हिंदुस्थानात आले.

येथे पैसा मिळवून मायदेशी परतणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांच्या नजरेने एक गोष्ट टिपली. लंडनहून येणारे इंपीरियल एअरवेजचे टपाल त्याच वर्षापासून विमानाने कराचीपर्यंत येऊ लागले होते. हजारो मैल हवेतून आलेली ती पत्रे कराचीत उतरली की पुढे आगगाडीच्या चालीने चालत! कराचीहून अहमदाबाद, मुंबई आणि मद्रास अशी विमानाची जोड दिली तर कित्येक दिवस वाचतील, असा विचार व्हिन्सेंट यांनी केला. विचाराला भांडवल हवे होते. ते शोधताना त्यांची गाठ जे. आर. डी. यांच्याशी पडली. जे. आर. डी. त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. फेब्रुवारी १९२९ मध्येच त्यांनी हिंदुस्थानातील पहिला वैमानिकाचा परवाना मिळविला होता. दोघेही विमानवेडे, मैत्री जमण्यास वेळ लागला नाही.

वेळ लागला तो पुढेच. टाटा घराण्याचे प्रमुख सर दोराबजी या नव्या व्यवसायास अनुकूल नव्हते. जॉन पीटरसन या संचालकांनी त्यांचे मन वळविले. सरकारची गाठ मात्र अधिक अवघड निघाली. पहिल्या योजनेत सरकारी मदतीची मागणी होती, ती नाकारली गेली. मदतीचा आकडा कमी करून पुन्हा अर्ज केला, तोही फेटाळला गेला. अखेरीस मदत नकोच, वाहून नेलेल्या टपालाच्या वजनाप्रमाणे मोबदला द्यावा, असे ठरले आणि एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. सर दोराबजी त्याच वर्षी जून महिन्यात निवर्तले. ते पहिले उड्डाण त्यांना पाहावयास मिळाले नाही.

या तीन वर्षांतच व्हिन्सेंट यांचे खरे मोठेपण दिसते, असे आम्हांस वाटते. उडणे हा त्यांचा धर्म. पण परक्या देशात पाय रोवण्यासाठी त्यांना कागद, आकडे आणि सरकारी नकार यांच्याशी झुंजावे लागले. दुसरा एखादा केव्हाच गाशा गुंडाळून परत गेला असता!

भांडवल होते सुमारे दोन लाख रुपयांचे, आणि विमाने दोन. ती पुस मॉथ जातीची, एका इंजिनाची आणि इतकी लहान की टपालाच्या पिशव्या ठेवल्यावर माणसाला बसण्यास जागा शोधावी लागे. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. अहमदाबादला विमानाचे तेल बैलगाडीतून डब्यांत भरून येई. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची चिखलभूमी. पावसाळ्यात ते पाण्याखाली गेले की सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. पहिल्या दिवशी दुपारी जे. आर. डी. जुहूला उतरले. तेथे व्हिन्सेंट यांनी टपाल ताब्यात घेतले, बल्लारीस रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले.

पहिल्या वर्षात या चिमुकल्या कंपनीने १ लक्ष ६० हजार मैल उड्डाण केले, १५५ उतारू आणि साडेदहा टनांहून अधिक टपाल नेले, आणि ६० हजार रुपये नफा मिळविला. सह्याद्रीवरच्या पावसातही वेळापत्रक चुकले नाही. सरकारी विमानखात्याच्या अहवालाने तर इंपीरियल एअरवेजने आपली माणसे टाटांकडे शिकावयास पाठवावीत, असा चिमटा काढला!

पुढे बल्लारीचा थांबा सुटला आणि त्याऐवजी विमान आमच्या हैदराबादेस उतरू लागले. निजामाच्या राजधानीस मुंबई आणि मद्रास ही दोन्ही शहरे हवाई मार्गाने जोडली गेली, ती अशी. १९३५ साली मुंबईहून गोवा व कननूर मार्गे त्रिवेंद्रमपर्यंत टपालाचा मार्ग उघडला. आमची घरची भाषा कोकणी, त्यामुळे या मार्गात गोव्याचे नाव वाचून आम्हांस थोडा अधिक आनंद झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. १९३८ पर्यंत मुख्य मार्ग कोलंबोपर्यंत जाऊन पोचला होता. जत्रेतल्या पाळणेवाल्यासारखे आलेले व्हिन्सेंट आता या साऱ्या व्यवस्थेचा एक आधारस्तंभ बनले होते.

दुसरे महायुद्ध पेटल्यावर त्यांनी आणखी एक मोठे स्वप्न पाहिले. विमाने परदेशातून आणावयाची कशास? ती पुण्यास का बांधू नयेत? या योजनेच्या मान्यतेसाठी ते इंग्लंडला गेले. १९४२ साली परतताना त्यांनी सैन्याच्या हडसन जातीच्या विमानात जागा मिळविली. शत्रूच्या टापूजवळून जाणारा तो मार्ग धोक्याचा होता. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ते विमान नाहीसे झाले. शत्रूने ते पाडले असावे असे मानले जाते. व्हिन्सेंट तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. जे. आर. डी. यांनी आपला जिवलग मित्र आणि निकटचा सहकारी गमावला.

पुण्यात विमाने बांधण्याचा तो बेत फळास आला नाही. मात्र १९४५ साली निजामाचे सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत आमच्या शहरात डेक्कन एअरवेज ही कंपनी उभी राहिली आणि बेगमपेठहून तिची विमाने उडू लागली. पुढच्याच वर्षी टाटांच्या कंपनीने एअर इंडिया हे नाव धारण केले.