धन्यवादित फ्रान्झ येगरस्टेटर : सक्तीला नकार, सेवेला होकार



९ ऑगस्ट १९४३ रोजी बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्ग तुरुंगात छत्तीस वर्षांच्या एका शेतकऱ्याचा शिरच्छेद करण्यात आला. हिटलरच्या सैन्यात लढण्यास त्यांनी नकार दिला होता.

फ्रान्झ ह्यांचा जन्म २० मे १९०७ रोजी ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड ह्या खेड्यात झाला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. तरुणपणी फ्रान्झ काही संत नव्हते. गावातली पहिली मोटारसायकल त्यांची, आणि लग्नाआधी त्यांना एक मुलगीही झाली होती. १९३६ साली पवित्र गुरुवारी फ्रान्झिस्का ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नवदांपत्य रोमच्या यात्रेला गेले. पुढे तीन मुली झाल्या. पत्नीच्या सहवासात फ्रान्झ ह्यांची श्रद्धा खोल होत गेली. शेती सांभाळून ते गावच्या चर्चमध्ये सेवकाचे काम करू लागले.

१९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याला मान्यता देण्यासाठी मतदान झाले, तेव्हा गावातून विरोधी मत एकट्या फ्रान्झ ह्यांचे होते. १९४० साली त्यांना सक्तीने सैन्यात नेले गेले. प्रशिक्षण घेऊन १९४१ मध्ये ते परतले, ते पुन्हा न जाण्याचा निश्चय करूनच. हे युद्ध अन्यायाचे आहे, त्यात भाग घेणे पाप आहे, असे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटले होते.

ते सल्ल्यासाठी लिंझच्या बिशपांकडे गेले. बिशपांनी त्यांना कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. गावच्या धर्मगुरूंनीही त्यांचे मन वळवून पाहिले. आम्हांला इथे थांबावेसे वाटते. त्या धर्मगुरूंच्या जागी आम्ही असतो, तर आम्हीही बहुधा हेच सांगितले असते.

मार्च १९४३ मध्ये फ्रान्झ छावणीत हजर झाले आणि त्यांनी शस्त्र घेण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी मात्र त्यांनी दाखवली. ती मान्य झाली नाही. ६ जुलै रोजी बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला. फ्रान्झ राइनिश ह्या धर्मगुरूंनीही हिटलरची शपथ नाकारून आदल्या वर्षी मरण पत्करले होते, हे तुरुंगातील धर्मगुरूंकडून कळल्यावर त्यांना मोठा धीर आला.

मागे राहिलेल्या फ्रान्झिस्का ह्यांना गावाने दोष दिला. १९५० पर्यंत त्यांना विधवा-निवृत्तिवेतनही मिळाले नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने सांगितले, की सदसद्विवेकामुळे शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी. मात्र त्यांनी समाजाची अन्य प्रकारे सेवा करावी. फ्रान्झ ह्यांनी तेच मागितले होते. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. तेव्हा ९४ वर्षांच्या फ्रान्झिस्का तेथे उपस्थित होत्या.

आपल्या देशात सैन्यभरती ऐच्छिक आहे. स्वेच्छेने देशसेवेला जाणाऱ्या तरुणांचा आपल्याला अभिमान आहे. सक्तीने माणसाचे हात कामाला लावता येतात, मन नाही. म्हणून ह्या रविवारी आपण स्वतःला विचारू या : कोणी न सांगता, केवळ प्रेमापोटी, आपण कोणाची सेवा करतो? आणि आपल्यातील एखाद्याचे मन सर्वांविरुद्ध उभे राहिले, तर त्याला गप्प करण्याआधी आपण त्याचे ऐकून घेऊ का?