बैगांची चोंगी आणि व्हेरिअर एल्विन

पाइपच्या एकाच वाटीत निरनिराळ्या जातींच्या तंबाखूचे थर लावायचे आणि वरचा थर जळून खालचा पेटेल तशी पालटत जाणारी चव घ्यायची, असा एक शौक पाश्चात्त्य धूम्रपानप्रेमींत आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पठारावरील जंगलांत राहणाऱ्या बैगांना असल्या वाटीची गरज कधी भासली नाही. झाडाचे पान नळकांड्यासारखे वळवायचे, त्यात गावठी तंबाखू भरायची, की झाली चोंगी. मात्र या साध्या चोंगीतही थर आहेत. ते इतिहासाचे आहेत, आणि ज्या माणसाच्या लेखनामुळे ते आपल्याला दिसतात त्याचे नाव व्हेरिअर एल्विन.

29 ऑगस्ट 1902 रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे त्यांचा जन्म झाला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. एल्विन लहान असतानाच ते वारले. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत प्रथम श्रेणी मिळवून ते धर्मसेवेकडे वळले. 1927 मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. पुढे साबरमतीला गांधीजींच्या सहवासात आले आणि राज्यकर्त्यांच्या या मुलाचे मन राज्य उलथवू पाहणाऱ्यांच्या बाजूला गेले. संघातच त्यांना शामराव हिवाळे हा मराठी सहकारी लाभला. 1932 च्या आरंभी हे दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड खेड्यात पोहोचले. तेथे त्यांनी शाळा, दवाखाना आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. धर्मांतराचे काम करण्यास मात्र एल्विन यांनी नकार दिला. बिशपांशी त्यांचे बिनसले आणि 1935 मध्ये त्यांनी चर्चचा निरोप घेतला.

मंडला आणि बालाघाटच्या डोंगरांतील बैगांशी त्यांचा परिचय याच काळात वाढला. बैगांची शेती बेवर पद्धतीची. झाडे तोडून जाळायची, राखेत बी पेरायचे, काही वर्षांनी ती जागा रानाला परत द्यायची. नांगराने धरणीमातेची छाती फाटते, अशी त्यांची श्रद्धा. वनखात्याला ही शेती म्हणजे लाकडाचा नाश वाटे. तिच्यावर बंदी आली आणि 1890 मध्ये मंडला जिल्ह्यातील मोजक्या गावांचा बैगाचक तेवढा त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला. या बंदीने बैगांचे केवळ धान्य नव्हे, तर जगण्याचा आत्मविश्वासच हिरावला गेला, हा एल्विन यांचा निष्कर्ष होता. 1939 च्या ‘द बैगा’ या ग्रंथात तो त्यांनी विस्ताराने मांडला. उपाय म्हणून दुर्गम भागात, बाहेरच्या हस्तक्षेपापासून मुक्त असे एक प्रकारचे राष्ट्रीय उद्यान या लोकांसाठी असावे, असे सुचवले.

या सूचनेने वादळ उठले. एल्विन यांना आदिवासी संग्रहालयात ठेवायचे आहेत, असा आरोप झाला. आपल्या शेजारच्या मालवणचे सुपुत्र, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1943 मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहून प्रतिवाद केला. ज्यांना आदिवासी म्हणून वेगळे काढले जाते ते भोवतालच्या हिंदू समाजाशी शतकानुशतके जोडलेले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादात तंबाखूची साक्ष मोलाची आहे. सिगारचा शौक असलेल्या एल्विन यांनी मध्य भारतातील पुराकथा गोळा केल्या, त्यांत तंबाखूच्या जन्माच्या कथाही आहेत. कुरूप म्हणून कोणी न वरलेली एक मुलगी मरणानंतर तंबाखूचे रोप होते आणि जिला कोणी जवळ केले नाही ती सर्वांनाच हवीशी वाटू लागते, अशी त्यांतील एक कथा. ती ऐकताना वाटते, हे रोप सृष्टीच्या आरंभापासून याच मातीतले असावे. वस्तुतः तंबाखू अमेरिकेची. पोर्तुगीज व्यापाराबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. 1604-05 च्या सुमारास असद बेग याने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. पुढे कधीतरी ती सातपुड्याच्या रानात शिरली, बैगांच्या परसात रुजली आणि तिला जन्मकथाही मिळाली. बैगा जगापासून तुटलेले नव्हते, हे घुर्ये यांचे म्हणणे चोंगीने खरे ठरवले. पण बाहेरची वस्तू आपल्या मर्जीने, आपल्या गतीने घेता आली तर हे लोक तिला पूर्णपणे आपली करतात, हेही तिनेच दाखवले. बेवरबंदीत नेमकी ती मर्जी नव्हती.

एल्विन यांच्या आयुष्यात एक काळी बाजूही आहे. 1940 मध्ये त्यांनी कोसी या गोंड तरुणीशी विवाह केला. ती त्यांच्याच शाळेतील विद्यार्थिनी, वयाने बरीच लहान. 1949 मध्ये घटस्फोट झाला. पुढे एल्विन यांची कीर्ती वाढत गेली, कोसीने मात्र उरलेले दीर्घ आयुष्य हलाखीत काढले. आत्मचरित्रात या संसाराला जेमतेम काही वाक्ये मिळाली. आदिवासींच्या न्यायासाठी झटणाऱ्या माणसाकडून एका आदिवासी स्त्रीला न्याय मिळाला नाही, ही नोंद टाळता येत नाही.

1954 मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारून ते ईशान्य सीमा प्रदेशाचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. 1957 च्या ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ या ग्रंथात कुंपणाची कल्पना मागे पडली. रस्ते, दवाखाने, शाळा जाव्यात, पण जमीन, भाषा आणि स्वाभिमान शाबूत ठेवून, अशी भूमिका त्यांनी घेतली. नेहरूंनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. 1961 मध्ये पद्मभूषण मिळाले. 22 फेब्रुवारी 1964 रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला तो मरणोत्तर.

रान राखायचे की रानातला माणूस, असा प्रश्न आजही व्याघ्रप्रकल्पांच्या सीमेवर विचारला जातो. एल्विन यांचे पहिले उत्तर चुकले. कुंपण हा उपाय नव्हता. मात्र काय घ्यावे आणि काय सोडावे हे त्या माणसाला ठरवू द्यावे, हे त्यांचे नंतरचे उत्तर अजून पुरतेपणी अमलात यायचे आहे.